बार्देशातील घरे

श्रावणाच्या उत्तरार्धात मी गोव्याच्या बार्देश तालुक्यात मुक्काम केला तो हेतुपुरःसर. हिवाळ्यात गोव्याला जाणाऱ्याला तेथील गायक, वादक, चित्रकार आणि वस्त्ररचनाकार भेटतात ते दुसऱ्याच्या अंगणात: कोणी किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात गात असतो, कोणी हणजूणच्या बुधवारच्या बाजारात कपडे मांडून बसलेला असतो, कोणाची चित्रे डिसेंबरात पणजीला भरणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवाच्या निमित्ताने कुठल्यातरी जुन्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर टांगलेली असतात. परंतु पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावरील तात्पुरती उपाहारगृहे परवान्यातील अटीप्रमाणे मोडून ठेवावी लागतात, बुधवारचा बाजार उठतो, आणि ही सारी मंडळी आपापल्या गावी, आपापल्या छपराखाली परततात. पुढच्या हंगामात जे गायचे, विकायचे, दाखवायचे ते याच चार महिन्यांत घडते. म्हणून कलावंताला त्याच्या कामात गुंतलेला पाहावयाचा असेल तर पावसाळ्यातच जावे, असे मला एका जाणत्या स्नेह्याने सांगितले होते, आणि त्याच्या सांगण्याचा प्रत्यय मला पदोपदी आला.

म्हापशाहून कोणत्याही दिशेने दोन-चार कोस गेले की बार्देशाचे खरे रूप दिसू लागते. ओल्या जांभ्याचे कुंपण, त्यावर चढलेले शेवाळ, पलीकडे भाताची खाचरे, आणि माडांच्या आड उभी असलेली ती प्रशस्त घरे. भिंती दीड-दीड हात जाड, छपरावर मंगळुरी कौले, खिडक्यांना काचेऐवजी पातळ घासलेल्या शिंपल्यांची तावदाने, ज्यांतून बाहेरचा प्रकाश दुधाळ होऊन आत येतो. आणि दाराशी बल्कांव, म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर बैठका बांधलेली ती छपरी ओसरी, जिच्यावर बसलेल्या माणसाला रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलता येते. या घरांच्या शिल्पाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला त्यांच्याविषयी सांगावयाचे आहे ते निराळे. जो कलावंत कोणत्याही कंपनीचा, दरबाराचा वा सरकारी खात्याचा चाकर नाही, त्याची उपजीविका कशावर चालते, या प्रश्नाचे उत्तर मी या मुलुखात शोधू लागलो, आणि गाण्यापासून कापडापर्यंत जो जो धागा हाती घेतला तो तो अखेर एका घराच्या उंबरठ्याशी जाऊन थांबला. ज्याच्यामागे भाड्याचा तगादा नाही, किंवा असला तरी सोसण्याजोगा आहे, त्यालाच दोन वर्षे एका गाण्यावर घालविता येतात. इतरांना जे लवकर खपेल तेच करावे लागते.

ही घरे इतकी वर्षे कलावंतांच्या वाट्याला का आली, याचे कारण कायद्यात आहे. १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता गोवामुक्तीनंतरही येथे कौटुंबिक मालमत्तेच्या बाबतीत लागू राहिली. तिच्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते, आणि मृत्यूनंतर वारसांचा, मग तो मुलगा असो वा मुलगी, हिस्सा सहजासहजी डावलता येत नाही. परिणामी दोन-तीन पिढ्यांत एका घराचे वारस वीस-पंचवीस होतात. त्यांतले काही मुंबईत, काही लिस्बनला, काही लंडनला वा टोरांटोला. आणि सर्वांच्या सह्या झाल्याखेरीज घर विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून ते बंद राहते. बंद राहिले की पहिल्या तीन पावसाळ्यांत कौले सरकतात, चौथ्यात वासे कुजतात. म्हणून कोणीतरी राहणारा हवा असतो, जो भाडे फारसे देत नसला तरी दिवा लावील आणि गळती थांबवील. तरुण गवयाला वा चित्रकाराला अल्प भाड्यात प्रशस्त दालन मिळत आले ते वारसाहक्काच्या या गुंतागुंतीमुळे. न्यायालयीन दफ्तरांत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वाटपाच्या कज्ज्यांनी गोव्याच्या कलेची जेवढी सेवा केली आहे, तेवढी फार थोड्या संस्थांनी केली असेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

शिवोली हे गाव शापोरा नदीच्या काठी आहे. सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, सजविलेल्या होड्यांची मिरवणूक तेथे निघते, आणि मी गेलो तेव्हा त्या सणाचे तोरण एका चहाच्या दुकानावर अजून लोंबत होते. या गावात माझे मन अधिक रमले ते मात्र रेमो फर्नांडिस यांच्या आठवणीने. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालयातून पदवी घेतलेला हा तरुण, युरोप व उत्तर आफ्रिकेत रस्त्यावर गात हिंडून परतला, आणि मुंबईत स्थायिक होण्याऐवजी आपल्या गावच्या घरी येऊन राहिला. १९८४ साली त्याने ‘गोवन क्रेझी’ ही आपली ध्वनिफीत काढली. तिच्यातील गाणी त्याची, चाली त्याच्या, सर्व वाद्ये त्यानेच वाजविलेली, सर्व आवाज त्याचेच. चार पट्ट्यांच्या एका लहानशा कॅसेट-यंत्रावर एकावर एक थर चढवीत त्याने ते सारे घरीच मुद्रित केले, वेष्टनावरचे चित्रही स्वतः काढले, आणि तयार झालेल्या फिती स्कूटरवर घालून गोव्यातील दुकानादुकानांत स्वतः पोहोचविल्या. पुढे हिंदी चित्रपटांनी त्याला सर्वत्र नेले, २००७ साली पद्मश्रीही मिळाली; परंतु माझ्या दृष्टीने त्या स्कूटरवरच्या फेरीचे मोल अधिक आहे. निर्मितीपासून विक्रीपर्यंतचा सगळा भार एका माणसाने स्वेच्छेने अंगावर घेतला, आणि गाणे लोकांपर्यंत जाण्यासाठी मध्यस्थाची मंजुरी लागतेच असे नाही, हे हिंदुस्थानातील पुढच्या पिढीच्या वादकांना दाखवून दिले. चार पट्ट्यांच्या त्या यंत्राला घर लागले होते, हेही विसरता येत नाही. मुंबईतील भाड्याच्या खोलीत, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेली असताना, रात्री-बेरात्री ढोल बडविणे कोणाला शक्य झाले असते?

कोलवाळ हे त्याच नदीच्या वरच्या अंगाला. वेंडेल रॉड्रिक्स यांचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले आहे. १९६० साली मुंबईच्या गोवेकर कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने ओमानात नोकरी केली, त्या मिळकतीच्या आधाराने अमेरिकेत व पॅरिसमध्ये वस्त्ररचनेचे शिक्षण घेतले, आणि मुंबईत नावलौकिक होत असतानाच १९९३ मध्ये कोलवाळच्या एका अतिशय जुन्या वास्तूत, ‘काझा दोना मारिया’त, बिऱ्हाड हलविले. ज्या काळी भारतीय वस्त्ररचना म्हणजे जरी, खडी आणि भरतकाम असे समीकरण होते, त्या काळी पांढऱ्या सुती व तागाच्या कापडाचे, अंगाला न आवळणारे, वाऱ्याबरोबर हलणारे कपडे त्यांनी काढले. गोव्याच्या दमट हवेत माणूस कसा वावरतो हे घरातून रोज पाहिल्याखेरीज असा कट सुचत नाही, असे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींकडून मी ऐकले. शेतात राबणाऱ्या कुणबी स्त्रियांची तांबड्या चौकड्यांची, आखूड नेसायची, खांद्यावर गाठ मारायची ती साडी विस्मरणात चालली होती. २०१० च्या सुमारास त्यांनी ती पुन्हा मागावर आणविली आणि दिल्लीच्या मंचावर मांडली. गोव्याच्या पोशाखाचा इतिहास त्यांनी ‘मोडा गोवा’ या ग्रंथात लिहिला, आपले मोठे घर त्या पोशाखांच्या संग्रहालयासाठी सोडून ते त्याच गावात लहान घरात राहायला गेले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तेथेच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

त्यांच्या वाटेने जाणारी एक तरुणी मला हळदोण्यात भेटली. तिचे नाव सांगण्याची परवानगी तिने दिलेली नाही. आजोबांच्या घराच्या मधल्या दालनात, जेथे पूर्वी जेवणाचे लांब मेज असे, तेथेच त्याच मेजावर तिचे कापड पसरलेले असते. एका टोकाला तिची आई सोलांची वाटी घेऊन बसलेली आणि दुसऱ्या टोकाला ही कात्री चालविते आहे, हे दृश्य मी पुष्कळ वेळ पाहत होतो. ती प्रथम मांजरपाटावर कट काढते. मूळ कापड महाग, हातमागाचे, एका बैठकीत चार मीटरच मिळणारे; ते वाया जाऊ नये म्हणून स्वस्त मांजरपाटाचा झगा आधी शिवून बहिणीच्या अंगावर चढवायचा, टाचण्या लावून झोल कोठे पडतो ते पाहायचे, खडूने खुणा करायच्या, मग तो झगा उसवून त्याचेच तुकडे नमुना म्हणून खऱ्या कापडावर ठेवायचे. चौकड्यांचे कापड सरळ कापले की चौकडी चौकडीला जुळविणे अवघड, आणि उरेब कापले तर कापड छान पडते, पण तिरप्या धाग्याला ताण येऊन ते लांबते. म्हणून उरेब कापलेला झगा ती रात्रभर खुंटीवर टांगून ठेवते, त्याला जेवढे लांबायचे तेवढे लांबू देते, आणि सकाळी खालची किनार समान करून मगच दुमडते. “टांगल्याशिवाय दुमडला, काका, की दोन महिन्यांनी गिऱ्हाईक परत घेऊन येते,” ती म्हणाली. “मोठ्या कारखान्यात रात्रभर थांबायला कोणाला वेळ असतो?” पावसात दमट हवेने कापड फुगते, इस्त्री बसत नाही, खडू उमटत नाही, त्या दिवसांत ती फक्त काज करते, हातानेच, आणि एक काज बांधायला तिला दहा-बारा मिनिटे लागतात. तिच्याकडे एक शिलाई-यंत्र आहे आणि दोन शेजारणी कामाला येतात. हंगामात ती जेवढे विकते तेवढ्यावर वर्ष निघते; परंतु तिनेच हिशेबाची वही उघडून दाखविली, आणि त्या वहीत भाड्याचा रकाना नाही म्हणून खालची बेरीज जमेची येते, हे मला स्पष्ट दिसले.

मयड्याला मी गेलो तो एका वादकाकडे. तो मूळचा मडगावचा, पंचविशी ओलांडलेला, गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवितो, कोंकणी व इंग्रजीत स्वतःची गाणी रचतो, आणि एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. एका खोलीत जमिनीपासून छपरापर्यंत गोधड्या टांगून त्याने आपले मुद्रणालय केले आहे. दाराला गादी लावलेली, मधोमध एक ध्वनिग्राहक, आणि कोपऱ्यात संगणक. कौलांवर पाऊस वाजू लागला की मुद्रण बंद. त्यामुळे पावसाळ्यात त्याचे वेळापत्रक आकाश ठरविते: सर थांबली, पागोळ्या थांबल्या, बेडकांनी आवाज थांबविला, की मध्यरात्रीनंतर तासाभराची जी निवांत फट मिळते तिच्यात तो गातो. मी तेथे होतो त्या रात्री अशी फट दोनदा आली, आणि दोन्ही वेळा चौथ्या ओळीवर पुन्हा सर आली. त्याने त्रागा केला नाही. कानावरचे यंत्र काढून ठेवले, चहा टाकला, आणि आपल्या धंद्याची बाजू मला समजावून सांगितली. हिवाळ्यात तो आठवड्यातून चार रात्री उपाहारगृहांत गातो. तेथे लोकांना माहीत असलेलीच गाणी हवी असतात. मालक पैसे वेळेवर देतो, पण स्वतःचे गाणे म्हणावयाचे तर रात्री उशिरा, गिऱ्हाईक पांगल्यावर. त्या चार रात्रींच्या कमाईवर तो पावसाळ्याचे चार महिने विकत घेतो. इंटरनेटवर गाणी ऐकणारे जे हजारो लोक असतात त्यांच्यापासून मिळणारी रक्कम इतकी अल्प, की ती तो मिळकतीत धरीत नाही.

व्हायोलिन कोठे शिकलास, असे मी विचारले, तेव्हा त्याने आजोबांचे नाव घेतले, आणि आजोबा चर्चच्या शाळेत शिकले होते. गोव्याच्या संगीताचा हा पाया आहे. सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या गावशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकविले जाई. शिक्षक कडक असे, आणि शुल्क नाममात्र वा मुळीच नसे. या शाळांतून निघालेले वादक पुढे मुंबईला गेले, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या सामाईक वसतिगृहांत, एका पेटीएवढ्या जागेत राहिले, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. कारण सुरावट कागदावर उतरवून साठ वादकांपुढे ठेवण्याची विद्या त्यांच्यापाशी होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले अग्रणी. त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादकांच्या वृंदातून राग आणि पाश्चात्य हार्मनी यांचा संगम करणाऱ्या स्वतःच्या रचना सादर केल्या, लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. आणि काही वर्षांनी चित्रपटसृष्टी सोडून अमेरिकेला गेलेला हा संगीतकार अखेर आपल्या गावच्या घरीच परतला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका लोकप्रिय चित्रपटगीतातून त्यांचे नाव घराघरांत पोहोचविले, पण त्यांच्या स्वतंत्र रचना ऐकलेली माणसे फार थोडी. या गोष्टीची मला खरोखर खंत वाटते. स्टुडिओत त्यांची विद्या सर्वांनी वापरली. तिच्यासाठी त्यांनी स्वतः उभारलेला मंच मात्र टिकला नाही.

घर असले म्हणजे स्वातंत्र्य आले, असे मात्र कोणी समजू नये, आणि या बाबतीत गोव्याचाच इतिहास आपल्याला सावध करतो. फोंडा महालातील देवस्थानांनी कलावंतिणींच्या घराण्यांना घरे दिली, जमिनी दिल्या. त्यांच्या मोबदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा लिहून घेतली, आणि त्या स्त्रियांच्या माथी समाजाने जो हीनपणा मारला तो त्या घरांच्या भिंतींत मुरला होता. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या गायिकांना आपल्या गळ्याचे स्वामित्व मिळाले ते गाव सोडून, मुंबईच्या भाड्याच्या जागांत कष्ट उपसून, उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गुरूंची तालीम घेऊन. त्यांच्या दृष्टीने गावचे घर हे बंधन होते आणि परके शहर हीच मोकळीक. म्हणून मी घराचे गुण गातो ते त्याच्या दस्तऐवजात काय अटी लिहिल्या आहेत ते वाचूनच.

मयड्याच्या वादकाला आपल्या गाण्यात घुमट हवे होते, म्हणून त्याच्याबरोबर मी डिचोलीला कुंभाराकडे गेलो. चतुर्थी जवळ आली होती, आरत्यांची तयारी सुरू झाली होती, आणि ओसरीवर घुमटांची रांग लागली होती. घुमट म्हणजे मडकेच, पण दोन्ही बाजूंना तोंड असलेले: एक रुंद, त्यावर कातडे; दुसरे अरुंद, उघडे. पूर्वी कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणे गुन्हा ठरले, आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली राज्यसरकारने घुमटाला वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली तीही या नव्या कातड्यासहित. कुंभाराने भिजविलेले कातडे रुंद तोंडावर ओढून कडेखाली सुतळीचे वेढे दिले, प्रत्येक वेढ्यानंतर अंगठ्याने मध्यभाग दाबून पाहिला, आणि मग ते चुलीपासून हातभर अंतरावर ठेवले; अधिक जवळ ठेवले तर तडकते, दूर ठेवले तर पावसाळी हवेत सुकतच नाही. सुकलेले एक घुमट वादकाने काखेत धरले, डाव्या पंजाने अरुंद तोंड झाकीत-उघडीत उजव्या हाताने थाप दिली, आणि तो नाद पोकळीतून घुमून असा खाली-वर झाला की ओसरीवरची सगळी मुले धावत आली. बकऱ्याचे कातडे जाड, त्यामुळे आवाज किंचित बोजड होतो, असे कुंभार म्हणाला. परंतु घोरपडीचा विषय निघताच त्याने मान ठामपणे हलविली. “ते आमच्या बापाबरोबर गेले. आता हेच चांगले करायचे.” वादकाने पाच घुमटे वाजवून एक निवडले, भाव न करता पैसे दिले.

चित्रकारांविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण साळगावच्या सौझांवर आणि मूळच्या गोव्याच्याच गायतोंड्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मडगावचे लक्ष्मण पै पॅरिसमध्ये दहा वर्षे राहिले, रागांची चित्रे काढली, आणि पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मला पोंबुर्प्याला थांबावेसे वाटले ते वामन नावेलकर यांच्यासाठी. लिस्बनमध्ये शिष्यवृत्तीवर शिकत असताना १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, भारताविरुद्धच्या निवेदनावर सही करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली; पुढे मोझांबिकमध्ये त्यांनी शिक्षकी केली, तेथील राज्यक्रांतीनंतर बंदिवास सोसला, आणि पोर्तुगालला परतताना सुमारे हजार रेखाचित्रांनी भरलेली त्यांची पेटी हरवली ती कायमचीच. एखाद्याने पुन्हा लेखणी हाती धरली नसती. ते गावी परतले आणि वडिलोपार्जित घरात बसून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत रेषा काढीत राहिले, आणि चित्रांखाली आपले नाव न घालता दिवंगत भावाचे, ‘गणेश’ हे नाव घालीत राहिले. बाजाराने त्यांची दखल फार उशिरा घेतली. त्यांची एक शाईची रेषा मी पणजीला जवळून पाहिली आहे: कोठेही न उचललेली, वळणावर जाड न झालेली, आणि मानवी पाठीचा सारा भार एवढ्याशा वक्रात पेलणारी. अशी रेषा काढणाऱ्या माणसाला आयुष्याच्या उतरणीवर कोणत्याही राज्याने आसरा दिला नाही. पोंबुर्प्याच्या घराने दिला.

आता हीच घरे हातची जात आहेत. वारसांच्या सह्या गोळा करून देणारे दलाल निर्माण झाले आहेत. दिल्ली, मुंबई, बंगळूरची धनिक मंडळी वर्षातून चार आठवडे राहण्यासाठी ही घरे विकत घेतात. आसगाव आणि हळदोण्यातले भाडे तरुण कलावंताच्या आवाक्याबाहेर जात चालले आहे, आणि हळदोण्याच्या त्या तरुणीच्या काकांकडेही एक दलाल दोनदा येऊन गेला आहे. घर विकत घेणाऱ्यांत सुरुचीची माणसे आहेत, ते घराची डागडुजी उत्तम करतात, भिंतीवर चित्रेही लावतात, हे मी मान्य करतो. परंतु जेथे चित्र लावले जाते आणि जेथे ते काढले जाते त्या दोन जागा निराळ्या, आणि दुसरी नाहीशी झाली तर पहिलीत लावायला काय उरेल, याचा विचार मला कोठेही होताना दिसला नाही. वैद्यकी सोडून चित्रकार झालेले सुबोध केरकर यांनी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभारले. कारखान्यांच्या भूखंडांमध्ये कलेला जागा काढता येते हे त्यांनी दाखविले, आणि मला ती तोड फार मोलाची वाटते. सरकारी खाती पुरस्कार देतात, महोत्सव भरवितात, कला अकादमीसारखी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली देखणी वास्तूही मांडवीच्या काठी आहे. पण पुरस्कार हा झाल्या कामाचा असतो, आणि काम व्हावे म्हणून दोन खोल्या लागतात. बंद पडलेल्या गावशाळा, चर्चच्या आवारातील रिकामी संगीतदालने, पंचायतीच्या कुलूपबंद सभागृहांच्या मागच्या खोल्या, यांची यादी करून त्या दहा-दहा वर्षांच्या कराराने कलावंतांना द्याव्यात, अशी तजवीज एका साध्या ठरावाने होऊ शकते, आणि ती व्हावी असे मी येथे आग्रहाने लिहितो.

तसा एक करार माझ्या समक्ष झाला. मयड्याच्या त्या वादकाची मुदत संपली होती, आणि घराची मालकीण, सत्तरी उलटलेली विधवा बाई, तिची तीन मुले परदेशी, बल्कांवावर चष्मा लावून कागद घेऊन बसली. म्हापशाच्या दलालाने देऊ केलेले भाडे तिने त्याला सांगितले, आणि तेवढे तू देऊ शकणार नाहीस हे मला ठाऊक आहे असेही सांगितले. मग तिने आपल्या अटी घातल्या. भाडे पूर्वीचेच, पण करार पाच वर्षांचा. दर मे महिन्यात कौले उतरवून शाकारणी करावयाची, खर्च अर्धा-अर्धा. मधल्या दालनातील पियानोला हात लावायचा नाही, कारण तो तिच्या नवऱ्याचा. आणि चौथी अट तिने कागदावर स्वतःच्या हाताने लिहिली, की दर रविवारी प्रार्थनेनंतर वाड्यातल्या मुलांना याच बल्कांवावर दोन तास व्हायोलिन शिकवावयाचे, जात-धर्म न पाहता, पैसे न घेता. “गावच्या शाळेत आता मास्तर नाही, पुता,” ती म्हणाली, “आणि आमच्या घरात मुले येईनाशी झाली.” त्याने वाचले, थोडा विचार केला, आणि एकच दुरुस्ती सुचविली. “आंटी, डिसेंबर-जानेवारीत शनिवारी रात्री मी उशिरा परततो, त्या दोन महिन्यांत सकाळऐवजी संध्याकाळी शिकवीन.” तिने ‘प्रार्थनेनंतर’ हा शब्द खोडून तेथे ‘चार वाजता’ असे लिहिले, वर्षभरासाठी एकच वेळ असावी म्हणजे मुले विसरत नाहीत असे बजावले, साक्षीदाराच्या जागी मला सही करायला लावली, आणि मुलांसाठी लहान मापाची व्हायोलिने मडगावला कोणाकडे स्वस्त मिळतील याची चौकशी सुरू केली.